शहर नवं, माणसं अनोळखी: शाळा, वस्ती आणि टीमबद्दल स्थानिकांना कसं विचारावं

नव्या शहरात बिऱ्हाड हलवलं की पहिले पंधरा दिवस आपण भेटेल त्याला दोनच प्रश्न विचारत सुटतो. शाळा चांगली कुठली? राहायला कुठला भाग बरा? उत्तरं लगेच मिळतात, तीही अगदी ठाम. शेजारी ज्या शाळेला नावं ठेवतो, तिथेच मुलाला प्रवेश मिळावा म्हणून ऑफिसातला सहकारी जिवाचं रान करत असतो. कुणाचं ऐकायचं, हेच कळेनासं होतं.

मी आजवर चार शहरं बदलली, त्यातली दोन मुलगी शाळेत असताना. पहिल्या खेपेला तिघांच्या सांगण्यावरून एक शाळा यादीतून खोडली आणि मुलीला दुसरीकडे घातलं. वर्ष संपायच्या आत तिला तिथून काढावं लागलं. मग जी शाळा खोडली होती तिथेच ती गेली आणि पुढची पाच वर्षं छान रमली. त्या तिघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. एकाचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी त्या शाळेतून बाहेर पडला होता. दुसऱ्याने सगळं मेहुणीकडून ऐकलं होतं. तिसरे शाळेच्या गेटासमोर राहायचे आणि सकाळच्या गाड्यांच्या गर्दीला कंटाळले होते. हे सगळं त्यांनी मला आनंदाने सांगितलं असतं. मी विचारलंच नाही. "कशी आहे शाळा?" एवढंच विचारून मी मोकळी झाले.

तेव्हापासून मी विचारायची एक पद्धत ठरवली आहे. ती इथे क्रमाने देते.

पायरी १: सुरुवात शहराच्या खेळाच्या टीमपासून करा

शाळा आणि घराची घाई असताना खेळाचं काय विचारायचं, असं वाटेल. पण समोरचा माणूस कसा बोलतो, आवडत्या गोष्टीचे दोष सांगतो की झाकतो, जुनं आणि नवं वेगळं करून सांगतो की सगळं एकत्र कालवतो, हे टीमबद्दल बोलताना चटकन कळतं. शाळेबद्दल बोलताना लोक जपून बोलतात, टीमबद्दल मनापासून. त्याची बोलण्याची पट्टी एकदा लक्षात आली की पुढे तो शाळेबद्दल जे सांगेल ते किती धरायचं, किती सोडायचं, याचा अंदाज येतो.

यामागे अभ्यासही आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक निबंध छापला. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यानंतरच्या सोमवारी किती विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येतात, ते त्यांनी मोजलं. टीम जिंकली की असे कपडे जास्त दिसत. फोनवर सामन्याबद्दल विचारलं तर जिंकलेल्या सामन्याबद्दल "आपण जिंकलो" म्हणण्याकडे कल असे आणि हरलेल्या सामन्याबद्दल "ते हरले" म्हणण्याकडे.

हे "आपण" आणि "ते" कान देऊन ऐका. "आमची शाळा", "आमचा एरिया" म्हणणाऱ्याच्या बोलण्यात अभिमान मिसळलेला असतो. त्याच भागातला माणूस "तिकडे" म्हणून बोलू लागला तर तो मनाने तिथून कधीच बाहेर पडला आहे. दोघांचंही ऐकायचं, पण दोघांकडून वेगवेगळं काढून घ्यायचं. अभिमानी माणूस आतल्या बारीकसारीक गोष्टी सांगतो: कुणाला भेटायचं, कुठल्या दाराने जायचं, कुठल्या बाई गणित छान शिकवतात. दुरावलेला माणूस सोडून जाण्याची कारणं सांगतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. काही शहरांत "कुठल्या टीमचे?" हा प्रश्न साधा नसतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये सेल्टिक हा फुटबॉल क्लब १८८७ मध्ये आयरिश कॅथलिक वस्तीतल्या गरिबांसाठी पैसे उभे करायला स्थापन झाला आणि रेंजर्स हा प्रॉटेस्टंटांचा क्लब मानला जाऊ लागला. स्कॉटलंडमध्ये १९१८ च्या कायद्याने कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या, पण त्यांचं वेगळेपण टिकलं. त्यामुळे तिथे "कुठल्या शाळेत होतात?" या प्रश्नातूनही धर्म विचारला जाऊ शकतो. शाळा, वस्ती आणि टीम या तिन्ही गोष्टींची मुळं एकाच मातीत इतकी गुंतलेली असतात. म्हणून नवख्या माणसाने पहिल्या भेटीत "तुम्ही कुठल्या बाजूचे?" असं विचारू नये. "इथे मॅच बघायची असेल तर कुठे जावं?" असं विचारावं. ज्याला सांगायचं असेल तो बाजू आपणहून सांगतो.

पायरी २: प्रत्येक मताला तारीख आणि पत्ता लावा

एक साधी वही घ्या. जे कानावर पडेल त्याच्यापुढे चार गोष्टी लिहा: कोण बोललं, ते कुठे राहतात, त्यांनी ती गोष्ट स्वतः शेवटची कधी पाहिली, आणि या मताशी त्यांचं काही देणंघेणं आहे का. घर विकायला काढलेला माणूस आपल्या गल्लीला वाईट म्हणणार नाही. नुकतंच महागड्या भागात घर घेतलेला माणूसही तो भाग वाईट आहे असं मान्य करणार नाही. त्यात त्यांची काही चूक नाही, आपणही तसेच वागतो.

तारीख सगळ्यात महत्त्वाची. शाळेचा चेहरामोहरा एका मुख्याध्यापकाच्या बदलीने पालटतो. वस्ती बदलायला जास्त वर्षं लागतात, पण तिचं नाव बदलायला त्याहूनही जास्त. मेलबर्नमध्ये १८९७ साली सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमधले कॉलिंगवूड, कार्लटन, एसेंडन हे क्लब आजही उपनगरांची जुनी नावं मिरवतात. कॉलिंगवूड म्हणजे कामगारांचा क्लब ही ओळख पक्की बसलेली आहे, पण त्या उपनगरातली घरं आता कामगारांना परवडण्यासारखी राहिलेली नाहीत. लोक तुम्हाला एखाद्या भागाबद्दल सांगतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्या लहानपणीचा भाग सांगत असतात. म्हणून न लाजता विचारा: "हे कधीचं म्हणताय?" विचारण्यात आगाऊपणा वाटू नये म्हणून मी "म्हणजे आत्ताआत्ता की पूर्वी?" असं म्हणते. समोरचा क्षणभर थांबतो, आठवतो आणि बहुतेक वेळा स्वतःच आपलं वाक्य दुरुस्त करतो.

पायरी ३: शाळेबद्दल विचारताना शेरा मागू नका, प्रसंग मागा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

"चांगली", "वाईट" हे शेरे आहेत आणि त्यातून काही हाती लागत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी तपासणी यंत्रणा कित्येक वर्षं शाळांना "उत्कृष्ट", "चांगली", "सुधारणा हवी", "अपुरी" असा एका शब्दाचा एकूण शेरा देत असे. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांसाठी तो बंद झाला. आतमध्ये जाऊन तपासणी करणाऱ्यांनाच एका शब्दात शाळा मावेनाशी झाली, तर गेटाबाहेरच्या माणसाकडून तो शब्द घेऊन आपण काय करणार? त्याऐवजी हे विचारा:

"गेल्या दोन-तीन महिन्यांत शाळेतून तुम्हाला फोन आला तो कशासाठी?"

"मूल एखाद्या विषयात मागे पडलं तेव्हा आधी कुणाच्या लक्षात आलं, तुमच्या की शाळेच्या?"

"या वर्षात वर्गशिक्षक बदलले का?"

"मधल्या वर्षी आलेलं एखादं मूल तुमच्या ओळखीत आहे का? त्याचं पहिले काही आठवडे कसं गेलं?"

शेवटचा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा, कारण आपलं मूल तेच असणार आहे. पहिलीपासून तिथेच असलेल्या मुलांच्या पालकांना याचं उत्तर सहसा ठाऊक नसतं. मग अशा मुलाच्या आईवडिलांची गाठ घालून द्यायला सांगा. लोक देतात.

निकालाच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट गाठीला बांधा. वर्गात वीस मुलं असतील तर दोन मुलं कमी-जास्त पास झाली की निकाल दहा टक्क्यांनी हलतो. दोनशे मुलं असतील तर तीच दोन मुलं एक टक्का हलवतात. म्हणून यादीच्या अगदी वर आणि अगदी तळाला छोट्या शाळा जास्त दिसतात. एका वर्षाचा निकाल पाहून छोट्या शाळेवर भाळू नका, तिला टाकूनही देऊ नका. किमान तीन-चार वर्षांचे निकाल शेजारी शेजारी ठेवा.

दुसरी गोष्ट, निकाल चांगला म्हणजे शिकवणं चांगलं, असं सरळ होत नाही. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या पथकाने सुमारे ६ लाख विद्यार्थी आणि सुमारे ४ हजार शाळा पाहून १९६६ मध्ये एक मोठा सरकारी अहवाल दिला. शाळांच्या सोयीसुविधांतल्या फरकापेक्षा घरच्या परिस्थितीचा मुलांच्या गुणांशी जास्त संबंध दिसतो, असं त्यात आढळलं. त्याच्या पद्धतीवर पुढे बराच वाद झाला, पण पालकांनी विचारायचा प्रश्न त्यातून मिळतो: ही मुलं शाळेत आली तेव्हा कुठे होती आणि बाहेर पडताना कुठे पोहोचली? इंग्लंडने २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी असंच एक माप वापरायला घेतलं, ज्यात सुरुवातीला साधारण सारखेच गुण असलेल्या मुलांशी तुलना करून शाळेने किती भर घातली ते पाहतात. तुमच्या शहरात असा आकडा छापला जात नसेल तर लोकांना एवढंच विचारा: "मध्यम मुलांचं इथे काय होतं?" हुशार मुलांचे फोटो शाळा स्वतःच लावते.

मग एक दिवस शाळा सुटायच्या वेळी गेटाबाहेर उभे राहा. मी हे दर खेपेला करते. पहिली दहा मिनिटं नुसता गलबला असतो, त्यातून काही कळत नाही. खरं बघायचं ते गर्दी ओसरल्यावर. ज्यांना न्यायला कुणी आलेलं नाही अशी दोन-तीन मुलं उरतात. मुलीची शाळा बदलायच्या आधी मी अशीच उभी होते. सात-आठ वर्षांचा एक मुलगा दप्तर पायात ठेवून पायरीवर बसला होता. एक शिक्षिका बाहेर पडल्या, त्यांची बस समोरच उभी होती. त्यांनी बस सोडली, त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याच्या वहीतलं चित्र बघू लागल्या. त्या त्याला नावाने हाक मारत होत्या. पंचवीस मिनिटांनी त्याचे आजोबा आले. तिथेच माझा निर्णय झाला, आणि तो चुकला नाही.

एक गोष्ट मात्र स्थानिकांच्या भरवशावर अजिबात सोडू नका: प्रवेशाची हद्द. पुष्कळ शहरांत पत्त्यावरून शाळा ठरते आणि या हद्दी बदलत असतात. "या गल्लीतली सगळी मुलं तिथेच जातात" हे गेल्या वर्षीपर्यंत खरं असू शकतं. घराचा करार करण्याआधी शिक्षण कार्यालयातून लेखी खात्री करून घ्या. हद्दीच्या त्या रेषेला पैशांचंही मोल असतं. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं तपासून १९९९ मध्ये दाखवलं की शाळेचे चाचणीतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असले तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात.

पायरी ४: वस्ती ऐकायची कमी, चालायची जास्त

"तो भाग बरा नाही" हे वाक्य मला फार खटकतं. बोलणाऱ्याला पुष्कळदा तिथली माणसं आवडत नसतात आणि नाव रस्त्याचं घेतलं जातं. शिकागोमध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडनबुश या अभ्यासकांनी रस्त्यांवरचा कचरा, पडझड, टवाळखोरी प्रत्यक्ष नोंदवली आणि लोकांना ती किती वाटते तेही विचारलं. २००४ साली त्यांनी मांडलं की लोकांना भाग किती बकाल "वाटतो" हे प्रत्यक्ष बकालपणापेक्षा तिथे कुठल्या वंशाचे आणि किती गरीब लोक राहतात यावर जास्त ठरत होतं. अमेरिकेतच १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून काही वस्त्यांना धोक्याचा लाल रंग दिला होता, आणि त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास हटकून होत्या. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशावरून भेदभाव करायला तिथे पुढे १९६८ च्या कायद्याने बंदी घातली. म्हणून तिथल्या घरांच्या दलालाला "हा भाग चांगला आहे का?" असं विचारलं तर सावध दलाल उत्तर टाळतो.

म्हणून कुणी असं बोललं की विचारा, "तिथे नेमकं काय झालं होतं?" प्रसंग सांगितला तर लिहून घ्या. नुसतं "सगळ्यांना माहीत आहे" असं उत्तर आलं तर वहीतली ती ओळ रिकामी सोडा.

आणि स्वतः चार वेळा जा. कामाच्या दिवशी सकाळी, शाळा सुटल्यावर, रात्री दहानंतर, आणि एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर. पावसानंतरची फेरी कुणी करत नाही आणि तीच सगळ्यात जास्त सांगते. तळमजल्याच्या भिंतींवर ओलीची रेघ कुठवर आहे, उंबऱ्यासमोर विटा रचल्या आहेत का, गाड्या लोक कुठे हलवून लावतात, हे पाहा. रात्रीच्या फेरीत दिवे मोजत बसू नका, माणसं मोजा. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये लिहिलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर खिळलेल्या डोळ्यांमुळे: दुकानदार, खिडकीतून बघणारे, येणारे-जाणारे. चकचकीत पण निर्मनुष्य रस्त्यावरून मी मुलीला एकटी पाठवत नाही. साध्या पण जागत्या गल्लीतून पाठवते.

मुलाचं वय यात धरायला हवं. अमेरिकेत १९९४ पासून बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत गरीब वस्तीतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांना सोडतीने गटांत विभागून काहींना बऱ्या वस्तीत जायला भाड्याची मदत दिली गेली. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्या मुलांचा पुढचा हिशेब मांडला. तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांची विशीच्या मध्यावरची कमाई ३१ टक्के जास्त निघाली. त्याहून मोठ्या मुलांना तसा फायदा झाला नाही, थोडा तोटाच दिसला. माझा यावरून काढलेला अर्थ असा: मूल लहान असेल तर वस्ती निवडायला झीज सोसा, आणि पंधरा-सोळाचं असेल तर त्याची शाळा आणि मित्र शक्यतो न तुटतील असं घर बघा, मग ते थोडं लांब पडलं तरी चालेल.

पायरी ५: एक मॅच मैदानात बसून बघा

राहायची सोय लागली की हे करा, लांबणीवर टाकू नका. मोठ्या टीमचं तिकीट मिळालं नाही तर शहरातल्या छोट्या क्लबची मॅच बघा, तिथे शेजारचा माणूस बोलतो. जुने चाहते असल्याचा आव आणू नका. "मी नवीन आहे, मला समजावून सांगाल का?" या वाक्याने उघडत नाही असा माणूस मला स्टेडियममध्ये अजून भेटलेला नाही.

माझ्या तिसऱ्या शहरात आमची टीम तीन गोलांनी मागे होती. पाऊस होता, निम्मे लोक उठून गेले होते. शेजारचे सत्तरीचे गृहस्थ हलले नाहीत. मी विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा कधी आलात इथे?" त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या सामन्यापासून सुरुवात केली, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत मला कळलं होतं की कुठला कारखाना कधी बंद पडला, त्यानंतर कुठल्या गल्ल्या ओस पडल्या, कुठली शाळा कुठल्या शाळेत विलीन झाली आणि आता कुठे पुन्हा लहान मुलं दिसू लागली आहेत. महिनाभर विचारत फिरून जमलं नव्हतं ते त्या दीड तासात मिळालं. टीमबद्दल विचारलं की लोक शहराचा इतिहास सांगतात, फक्त त्यांना तसं वाटत नसतं.

हे प्रेम हलकं समजू नका. ग्रीन बे हे अमेरिकेतलं लाखभर वस्तीचं गाव, पण तिथली पॅकर्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम १९२३ पासून सामान्य भागधारकांच्या मालकीची आहे. त्या शेअर्सवर लाभांश मिळत नाही, तरी लोक ते घेतात. लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला दुसऱ्या गावी हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःचा नवा क्लब काढला, खुल्या मैदानावर खेळाडूंची निवड केली आणि इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पातळीपासून खेळायला सुरुवात केली. २०११ मध्ये तो क्लब चौथ्या पातळीवर, व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या रस्त्यावर, प्लाउ लेनवर, परतला. अशा माणसांसमोर "शेवटी खेळच आहे" असं म्हणू नका.

पायरी ६: वर्षभराने तुमचीच पाळी येते

साधारण वर्ष झालं की कुणीतरी नवखं माणूस तुम्हाला गाठून विचारतं, "शाळा कशी आहे हो इथली?" तेव्हा शेरा देऊ नका. तुमचं मूल कितवीत आहे, तुम्ही शाळेत शेवटचे कधी गेला होता, कुठल्या प्रसंगात शाळा धावून आली आणि कुठल्यात नाही, ते सांगा. आपली सोय-गैरसोय कशात आहे तेही सांगून टाका. मी गेल्या आठवड्यात जिन्यात भेटलेल्या एका बाईंना असंच सांगितलं, आणि गेटाबाहेर कुठल्या बाजूला, किती वाजता उभं राहायचं तेही. उद्या सव्वाचारला त्या जाणार आहेत. मीही सोबत जाते आहे.